ऑपरेटिंग सिस्टीमचे नाव मागे पडले, वय पुढे आले

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टीमला दिला जाणारा नियमित आधार थांबवला. जुलै २०१५ मध्ये बाजारात आलेली ही प्रणाली दहा वर्षे जगभरच्या घरांत, दुकानांत आणि कचेऱ्यांत राबली. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही तो नेहमीप्रमाणे सुरू झाला, ई-मेल उघडला, बँकेचे संकेतस्थळ उघडले, मुलांचा गृहपाठ छापून झाला. मग एवढा गाजावाजा कशासाठी, असा प्रश्न अनेकांना पडला असेल तर त्यात नवल नाही. त्याच्याही मुळाशी आणखी एक प्रश्न आहे. सगळी कामे ब्राऊजरमध्ये किंवा मोबाइलमधील ॲपमध्ये होत असताना सामान्य माणसाला ऑपरेटिंग सिस्टीमशी कर्तव्य काय?

या प्रश्नात तथ्य आहे, हे आधी मान्य करायला हवे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणक घेताना ऑपरेटिंग सिस्टीमची निवड हीच खरी निवड असे. शब्दकोशाची सीडी असो वा हिशेबाचे सॉफ्टवेअर, खोक्यावर ‘फक्त विंडोजसाठी’ असे छापलेले असे आणि दुसऱ्या प्रणालीच्या मालकाने ते निमूटपणे परत ठेवून द्यायचे असे. संकेतस्थळांचीही तीच गत होती. ‘इंटरनेट एक्स्प्लोरर’खेरीज अन्य ब्राऊजरमध्ये कित्येक अर्ज भरताच येत नसत. आता रेल्वेचे आरक्षण, विजेचे बिल, डिजिटल सातबारा, प्राप्तिकराचे विवरणपत्र ही सारी कामे विंडोजवर होतात, ॲपलच्या मॅकवर होतात, लिनक्सवर होतात आणि खिशातील फोनवरही होतात. पडद्याखाली कोणती प्रणाली आहे याची चौकशी कोणी करत नाही.

वस्तुतः चौकशी करावी लागू नये, हाच तर ऑपरेटिंग सिस्टीमचा हेतू आहे. जुन्या वाड्यात दिवाणजी असत. धान्य कोठारातून किती काढायचे, कोणाला कोणत्या दालनात सोडायचे, किल्ल्या कोणाकडे द्यायच्या, हे सारे तेच पाहत. घरातल्यांना जेवणाचे ताट तेवढे दिसे. संगणकातही प्रोसेसरचा वेळ, स्मृतीची जागा, डिस्कवरील फायली, छपाईयंत्र आणि इंटरनेटची जोडणी यांचे वाटप ऑपरेटिंग सिस्टीम करते. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या माहितीत डोकावू नये, ही पहारेदारीही तिच्याकडेच असते. या व्यवस्थेच्या मध्यवर्ती भागाला ‘कर्नल’ म्हणतात. (लष्करातील कर्नलशी त्याचा संबंध नाही; मूळ अर्थ फळातील गर किंवा गाभा असा आहे.)

हे काम किती मोठे असते, याचा अनुभव मराठी वाचकाइतका क्वचितच कोणाला आला असेल. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे इंटरनेटवर मराठी वाचायचे म्हणजे प्रत्येक संकेतस्थळाचा फाँट वेगळा उतरवून घ्यावा लागे. ‘शिवाजी’, ‘कृतिदेव’, ‘श्रीलिपी’, ‘सुरेख’ अशी नावे टंकलेखन करणाऱ्यांना तोंडपाठ होती. या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरेच असत, त्यांवर देवनागरीचे मुखवटे चढवलेले असत. फाँट नसला की मुखवटा गळून पडे आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन खच दिसे. एका फाँटमधील मजकूर दुसऱ्यात नेला तर त्याचे काय होई, हे ज्यांनी भोगले त्यांनाच ठाऊक.

यावरचा उपाय युनिकोडच्या रूपाने १९९१ मध्येच कागदावर आला होता. देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला त्यात स्वतःचा क्रमांक मिळाला. पण क्रमांक मिळाल्याने अक्षर उमटत नाही. ‘महाराष्ट्र’ हा शब्द पडद्यावर चार अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या स्मृतीत मात्र तो म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र अशा दहा चिन्हांची रांग असतो. ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी साठवली जाते ‘क’नंतर, पण काढावी लागते ‘क’च्या आधी. ही जुळवाजुळव प्रत्येक सॉफ्टवेअरने स्वतंत्रपणे करायची म्हटले असते तर मराठी आजही मुखवट्यांतच अडकली असती. ती जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टीमने स्वीकारली. विंडोजच्या बाबतीत ही सोय ‘विंडोज २०००’मध्ये आली. तिच्यासोबत येणारा ‘मंगल’ हा देवनागरी फाँट मुंबईच्या र. कृ. जोशी यांनी घडवला होता. सुलेखनकार आणि कवी म्हणून मराठीला परिचित असलेल्या जोशी यांची अक्षरे त्यामुळे लक्षावधी संगणकांत जाऊन बसली, बहुतेक वापरणाऱ्यांना त्यांचे नावही माहीत नसताना. त्यानंतरच्या ‘एक्सपी’मध्ये ही सोय आपणहून सुरू करावी लागे, त्यासाठी बऱ्याचदा मूळ सीडी शोधावी लागे. ‘व्हिस्टा’पासून ती आपोआप मिळू लागली आणि त्या दिवसापासून लोक तिला विसरले. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांवर मराठी मजकुराच्या जागी चौकोनांची माळ दिसे, तीही प्रणाली सुधारली तेव्हाच नाहीशी झाली.

ऑपरेटिंग सिस्टीम बिनमहत्त्वाची ठरणार, हे भाकीत मात्र काही आजचे नाही. १९९४ च्या अखेरीस आलेल्या नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राऊजरमागे हेच स्वप्न होते. कामे ब्राऊजरमध्ये होऊ लागली की खाली विंडोज आहे की आणखी काही, याने फरक पडणार नाही, हा त्याच्या कर्त्यांचा होरा. तो मायक्रोसॉफ्टने इतका गांभीर्याने घेतला की स्वतःचा ब्राऊजर विंडोजसोबत फुकट देऊन नेटस्केपची बाजारपेठ आटवली. त्यावरून अमेरिकी सरकारने आणि तेथील अनेक राज्यांनी मे १९९८ मध्ये कंपनीवर खटला गुदरला. जून २००० मध्ये न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने तो रद्द केला, मात्र कंपनीने मक्तेदारी टिकवण्यासाठी बेकायदा मार्ग वापरल्याचा निष्कर्ष कायम ठेवला. तोवर नेटस्केपचे जे व्हायचे ते होऊन गेले होते.

स्वप्न मात्र दुसऱ्याच्या हातून बरेचसे खरे झाले. गुगलने २०११ मध्ये ‘क्रोमबुक’ बाजारात आणले, त्यात ब्राऊजर हाच जवळजवळ संपूर्ण संगणक. अमेरिकेतील शाळांनी ते मोठ्या प्रमाणावर घेतले आणि तिथेच या कहाणीला वेगळे वळण लागले. क्रोमबुकलाही एक मुदत असते आणि ती संपली की त्याला नव्या सुधारणा मिळणे थांबते. शाळांमध्ये धडधाकट यंत्रे केवळ तारीख उलटल्यामुळे बाजूला ठेवावी लागू लागली, टीका झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये गुगलला ही मुदत दहा वर्षांपर्यंत वाढवत असल्याचे जाहीर करावे लागले. ऑपरेटिंग सिस्टीम दिसेनाशी करण्यासाठी जन्मलेल्या यंत्रालाही ऑपरेटिंग सिस्टीमच्या वयापासून सुटका मिळाली नाही.

विंडोज १० च्या मालकाला ‘माझे काम फक्त ब्राऊजरवर चालते’ असे वाटत असेल, तर त्याने याच अनुभवाकडे पाहावे. ब्राऊजर हवेत तरंगत नाही. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला. त्यानंतर तीन वर्षे क्रोम ब्राऊजर त्यावर चालत राहिला आणि २०२३ च्या प्रारंभी १०९ व्या आवृत्तीवर थांबला. पुढच्या आवृत्तीला किमान विंडोज १० हवे होते. फोनवरही हेच घडते. १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ४.४ ची साथ सोडली, तर त्याच वर्षीच्या मे महिन्यात आयफोन ६ सारख्या, आयओएसच्या नव्या आवृत्त्या न मिळणाऱ्या फोनची. फोन चालू, बॅटरी ठीक, सिमकार्ड ठीक आणि तरीही नातेवाईकांचा गट एका सकाळी उघडेनासा झाला. आधी प्रणाली म्हातारी होते, मागोमाग तिच्या आधाराने उभी असलेली ॲप एकेक करून निघून जातात.

गैरसोय परवडली, धोका परवडत नाही. कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीममध्ये वर्षानुवर्षे नवनव्या त्रुटी सापडत राहतात. आधार सुरू असतो तोवर कंपनी त्या बुजवते. आधार संपल्यावर त्रुटी सापडणे थांबत नाही, बुजवणे थांबते. एवढेच नव्हे, तर नव्या प्रणालीसाठी निघालेली दुरुस्ती पाहून जुन्या प्रणालीत भगदाड कुठे असेल, याचा अंदाज चोरांना घरबसल्या बांधता येतो.

मे २०१७ मधील ‘वॉन्नाक्राय’चा हल्ला हे याचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण. संगणकातील फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या या विषाणूने ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील शस्त्रक्रिया आणि तपासण्या रखडवल्या. ज्या त्रुटीतून तो शिरला ती बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. बळी पडलेल्यांपैकी बहुतांश संगणक विंडोज ७ चे होते. त्यांचा आधार तेव्हा चालू होता, पण सुधारणा बसवण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. हल्ल्याची व्याप्ती पाहून कंपनीने तीन वर्षांपूर्वी निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती दिली. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, त्याच त्रुटीचा वापर करणारा ‘नॉटपेट्या’ हा विषाणू युक्रेनमधून जगभर पसरला आणि त्याची झळ थेट न्हावा-शेवा येथे पोहोचली. मर्स्क या डॅनिश समूहाचे संगणक ठप्प झाल्याने जवाहरलाल नेहरू बंदरातील त्याच समूहाच्या टर्मिनलचे कामकाज कोलमडले आणि कंटेनर अडकून पडले. उरणच्या रस्त्यावर खोळंबलेल्या ट्रकचालकाने आयुष्यात कधी विंडोजचे नाव उच्चारले नसेल.

यातून सुधारणा नेहमीच तारक असतात, असाही निष्कर्ष कोणी काढू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेली एक सदोष फाईल विंडोजच्या गाभ्यात काम करणाऱ्या तिच्या सॉफ्टवेअरने उघडली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. मॅक आणि लिनक्स त्या दिवशी सुखरूप राहिले. हे सॉफ्टवेअर मोठ्या संस्था वापरतात, त्यामुळे घरगुती संगणकही वाचले. परंतु ज्याचे विमान चुकले त्याला आपल्या घरी कोणती प्रणाली आहे, याचा काय उपयोग? सामान्य माणसाचा ऑपरेटिंग सिस्टीमशी संबंध केवळ स्वतःच्या यंत्रापुरता नसतो.

आपल्याकडे खरा प्रश्न मात्र टेबलावरील संगणकापेक्षा खिशातील फोनचा आहे, कारण बहुसंख्य भारतीयांचा पहिला आणि एकमेव संगणक तोच. त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक फोन अँड्रॉइडवर चालतात. यूपीआय ॲप सुरू करताना फोनमधून आपोआप एक एसएमएस जातो आणि सिमकार्ड व फोन यांची गाठ बँकेकडे बांधली जाते. हा विश्वास अखेर फोनच्या प्रणालीवर टाकलेला असतो. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला वेगळ्या खोलीत ठेवते आणि परवानगीशिवाय शेजारच्या खोलीत जाऊ देत नाही. भामटे नेमकी ही परवानगीच मिळवतात. वाहतूक दंडाचे चलन, लग्नाची पत्रिका, वीजतोडणीची सूचना अशा नावांनी व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ फाईल येते. ती उघडून दोन-तीनदा ‘होय’ म्हटले की एसएमएस वाचण्याचा आणि पडदा पाहण्याचा अधिकार परक्या ॲपकडे जातो आणि ओटीपी त्याच्या हाती लागतो.

इथे प्रणालीच्या आवृत्तीचा फरक प्रत्यक्ष पैशांत मोजता येईल असा आहे. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून बाहेरची फाईल बसवण्याची परवानगी ज्या ॲपमधून ती आली त्याला स्वतंत्रपणे द्यावी लागते. २०२२ च्या अँड्रॉइड १३ ने बाहेरून आलेल्या अशा ॲपला पडदा वाचण्याची मुभा देण्याच्या वाटेत आणखी एक अडसर घातला. जुन्या फोनवर हे अडसर नाहीत. आयफोनवर अशा रीतीने फाईल पाठवून ॲप बसवताच येत नाही. तिथे दार अरुंद आहे. ज्यांना ते जाचते तेच त्याची तक्रारही करतात. घरातील ज्येष्ठांसाठी फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलची चर्चा तासभर होते, पण ही बाब कोणी विचारत नाही.

विचारायला हवी, कारण कंपन्यांच्या वचनांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस २४ साठी सात वर्षे सुधारणा देण्याचे जाहीर केले. ही महागडी यंत्रे. स्वस्त फोनची मुदत बऱ्याचदा दोन-तीन वर्षांची, तीही दुकानात उपलब्धता झाल्याच्या दिवसापासून मोजलेली. बाजारात वर्ष-दीड वर्ष पडून असलेला फोन सवलतीत घेणारा ग्राहक प्रत्यक्षात उरलेले आयुष्य विकत घेत असतो. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम लागू केला आहे: मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे प्रणालीच्या सुधारणा द्याव्या लागतील. मोजणी विक्रीच्या शेवटापासून करायची, हे त्यातील खरे मर्म आहे आणि ते भारतीय ग्राहक संघटनांनी अभ्यासण्याजोगे आहे.

एक प्रणाली सोडून दुसरीकडे जाणे पूर्वीपेक्षा सोपे झाले, हेही तितकेच खरे. व्हॉट्सॲपचे जुने संभाषण अँड्रॉइडवरून आयफोनवर नेण्याची सोय २०२२ मध्ये आली. तोपर्यंत फोन बदलणारा माणूस आपली वर्षांची पत्रे मागेच टाकत असे. निवड मात्र दोनच उरल्या. नोकियाने फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी करून विंडोज फोनचा मार्ग धरला. लुमियाचे ते फोन आजही जुने ग्राहक आठवतात. चपळ होते, देखणे होते. पण ग्राहक कमी म्हणून ॲप कमी आणि ॲप कमी म्हणून ग्राहक कमी, या चक्रातून ते बाहेर पडले नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये या व्यवसायापोटी ७६० कोटी डॉलर बुडीत खात्यात टाकले आणि जानेवारी २०२० मध्ये प्रणालीचा आधारही संपवला. चांगली ऑपरेटिंग सिस्टीम असणे आणि ती टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडवरील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तोही याच पार्श्वभूमीवर. आपली सर्व ॲप एकगठ्ठा बसवण्याची सक्ती फोन उत्पादकांवर करणे आयोगाला अन्याय्य वाटले.

विंडोज १० च्या घरगुती मालकांपुढील पर्याय तुलनेने स्पष्ट आहेत. मायक्रोसॉफ्टने त्यांच्यासाठी सुरक्षा सुधारणांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली; ३० डॉलर भरून, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी संगणकाची जुळणी जतन करून विनामूल्य. विंडोज ११ फुकट मिळते, मात्र त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा. २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक यात बसत नाहीत. ती यंत्रे भंगारात काढण्याआधी लिनक्सचा विचार करण्यास हरकत नाही. लिनक्स मिंट किंवा उबुंटू विनामूल्य आहेत, पेन ड्राइव्हवरून आधी नुसती चालवून पाहता येतात, युनिकोड मराठी त्यांवर व्यवस्थित दिसते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली २००७ पासून उपलब्ध करून दिली आहे. ब्राऊजर, पत्रव्यवहार आणि चित्रपट एवढेच काम असलेल्या घराला यात काही अडणार नाही. दुकानदाराचे मात्र अडेल. टॅली, जुनी श्रीलिपी, डिजिटल स्वाक्षरीची साधने आणि काही छपाईयंत्रे विंडोजलाच बांधलेली आहेत. अशांनी बदल करण्यापूर्वी प्रत्येक साधनाची स्वतंत्र चौकशी केलेली बरी.

स्वतःच्या यंत्राची स्थिती पाहण्यास तंत्रज्ञ लागत नाही. विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबून ‘विनव्हर’ असे इंग्रजीत टाइप केले की आवृत्ती दिसते. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील ‘अबाऊट फोन’ या भागात अँड्रॉइडच्या आवृत्तीजवळ शेवटच्या सुरक्षा सुधारणेची तारीख लिहिलेली असते. ती तारीख वर्षभरापूर्वीची असेल आणि अपडेट शोधूनही नवे काही मिळत नसेल, तर त्या फोनवरील बँकेची व यूपीआयची ॲप दुसऱ्या, नव्या आवृत्तीच्या फोनवर न्यावीत. जुना फोन गाणी ऐकण्यासाठी आणि मुलांच्या खेळांसाठी आणखी काही वर्षे सहज चालेल.